एकशे बाराचं वळण

विनेश त्या सकाळी नऊ वेळा मेला. सात वेळा मिठागरात जाऊन, एकदा विजेच्या खांबावर, आणि एकदा गाडी अशी गरगरली की पडद्यावर नुसतं आभाळ आणि चिखल आळीपाळीने दिसत राहिलं. प्रत्येक वेळी सम्यक एक बटण दाबायचा. मग विनेश जिवंत व्हायचा आणि रस्त्याच्या सुरुवातीला गाडीसकट पुन्हा उभा राहायचा.

"आता स्पीड किती व्हता?" विनेशने घाम पुसत विचारलं.

"एकशे चोवीस."

"आनि मेलो कुटं?"

"तिथंच. वळणाच्या अर्ध्यात मागची चाकं सुटली."

उरणच्या अलीकडे, खाडीला लागून, धर्माजी शेठचं कंटेनरचं यार्ड होतं. त्यातल्याच एका जुन्या कंटेनरला एसी बसवून त्याची खोली केली होती. खिडकी नव्हती. आत गाडीचा नुसता सांगाडा: एक सीट, एक स्टिअरिंग, तीन पेडल आणि समोर तीन पडदे. पडद्यावर मिठागराच्या बांधावरचा खरा रस्ता, फूट न् फूट मोजून उतरवलेला. स्टिअरिंगच्या मागे तगडी मोटर होती. टायरला जे लागेल ते हाताला लागलं पाहिजे, म्हणून.

दहाव्या वेळी ते फार चांगलं लागलं. वळणात चाकं सुटली, स्टिअरिंग उलटं फिरलं आणि विनेशचा डावा अंगठा आऱ्यात अडकून काडकन मोडला. कंटेनरमध्ये तो आवाज एसीच्या वर ऐकू आला.

सम्यकने धावत जाऊन मोटर बंद केली. विनेश मात्र शिव्या देता देता हसला. चूक त्याचीच होती. किनाऱ्यावरच्या बैलगाडी शर्यतींत त्याने आठ वर्षं शेठची जोडी पळवली होती, आणि कासरा अंगठ्याला वेढून धरायची सवय हाडात मुरलेली. जुन्या शर्यतीच्या गाडीत अंगठा चाकाच्या बाहेर ठेवायचा असतो, हे सम्यकने त्याला वीसदा सांगितलं होतं.

"बैल अंगठा मोडत नाय," विनेश म्हणाला. "तुजा कम्प्युटर मोडतो. चल, पट्टी बांद आनि परत लाव."

खरी गाडी पलीकडच्या शेडमध्ये उभी होती. एकसष्ट सालची, लाल, एका माणसाची, इंजिन पाठीमागे, टायर मोटरसायकलपेक्षा थोडेच रुंद. शेठने ती कुठल्याशा संस्थानिकाच्या गॅरेजमधून उचलून आणली होती आणि गुढीपाडव्याच्या सकाळी ती मिठागराच्या रस्त्यावर पळवून पंचक्रोशीला दाखवायची होती. तसले टायर आता कुठे मिळत नाहीत. जुन्या साच्यावरून नवे करून आणले, पण ते वळणात कुठवर धरतात आणि कधी सोडतात, हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. ते शोधायला सम्यकला बोलावला होता. तळा गावचा मुलगा, वडील जिल्हा परिषद शाळेतले निवृत्त गुरुजी, आणि पुण्यात चार वर्षं टायरची गणितं करून बारीक झालेला.

सीटबेल्ट लावू या, डोक्यावर लोखंडी कमान लावू या, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगून पाहिलं. शेठ म्हणाला, मूळ गाडीला नव्हतं ते लागणार नाही. विषय संपला. तेव्हा विनेश आणि मरण यांच्यामध्ये आता एकच गोष्ट उरली होती, सम्यकने काढलेला आकडा. हे सम्यकला पक्कं माहीत होतं आणि त्यामुळे त्याला जेवण जात नव्हतं. जेवत तो विनेशच्याच घरी असे. विनेशची आई जनी ताटात भाकरी आणि सुकट वाढायची आणि तो नीट जेवत नाही म्हणून त्याला रोज बोलायची.

गणित पडद्यावर बरोबर होतं, पण त्यात रस्त्याची पकड पुस्तकातली होती. सम्यकला ते टोचत होतं. म्हणून त्याने भर दुपारी, बारा वाजता, एक टायर लोखंडी चौकटीत अडकवून त्यावर सिमेंटची पोती रचली, ते धूड जीपच्या मागे वजनकाट्याला बांधलं आणि वळणावरून फरफटत नेलं. काट्यावर ओढ दिसेल ती पकड. रस्ता तव्यासारखा तापला होता आणि टायर किंचाळत होता. काटा उत्तम बोलला. पुस्तकापेक्षा थोडा जास्तच.

जनी तिथेच मिठाच्या राशीवर होती. साठीची बाई, पायांना मिठाने पडलेल्या भेगा, हातात मीठ ओढायचं लाकडी फावडं. ती बराच वेळ हा खेळ बघत राहिली, मग बांधावर आली.

"बाला, गारी कवा सोरनार?"

"पाडव्याला. सकाळी सात वाजता. तेव्हा ट्रक नसतात."

"सकालचे या रस्त्याला पानी सुटतं. नऊ वाजल्याबगर गारी नको सोरू."

आता इंजिनिअर लोकांची एक खोड असते, म्हाताऱ्या बाईचं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची. सम्यक तसा नव्हता. त्याने ते लिहून घेतलं, आणि घात तिथेच झाला. त्याच्या तळा गावात पाणी सुटतं म्हणजे नळाला सुटतं. लहानपणी त्याची प्रत्येक सकाळ त्याच आरोळीने उजाडायची आणि आई हंडे घेऊन धावायची. इथेही रस्त्याच्या कडेने गावची पाण्याची लाइन होती आणि तिचे सांधे गळके होते, ते त्याने स्वतः पाहिले होते. तो संध्याकाळीच पाणी सोडणाऱ्या माणसाकडे गेला. तो माणूस म्हणाला, सकाळी साडेसहाला सोडतो, नऊला बंद करतो. नऊचा आकडाही जुळला. सम्यकने त्याच्याकडून वचन घेतलं, पाडव्याला नऊच्या आत व्हॉल्व्हला हात लावायचा नाही.

जेवताना त्याने जनीला सांगितलं, "मावशी, त्या पाण्याचं काम केलं. पाडव्याला सकाळी सुटणार नाही. बंद केलंय."

"बरा झाला," जनी म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

दुसऱ्या दिवशी नवी पकड घालून त्याने पुन्हा गाडी पळवली. मोडक्या अंगठ्याने विनेश बावीस वेळा गेला आणि फक्त चार वेळा मेला. वळणातल्या वेगाची हद्द निघाली ताशी एकशे अठरा किलोमीटर. सम्यकने त्यातून सहा वजा केले, मनाच्या समाधानासाठी. एकशे बारा.

"आयनं सांगितलंन ते धरलंस ना यात?" विनेशने विचारलं.

"धरलंय."

विनेशने मान हलवली. त्याच्या लेखी एकशे बारा हा आईचं म्हणणं जमेस धरून निघालेला आकडा होता. त्यानंतर त्याने तो प्रश्न कधीच काढला नाही.

शेठला आकडा सांगायचा तो दिवस वाईट निघाला. सम्यक शेडमध्ये शिरला तेव्हा शेठ सदू मिस्त्रीला फॅनबेल्टने मारत होता. सदू पंचावन्न वर्षांचा, माणगावकडचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. लाल पत्र्यावर त्याच्या पान्याचा एक ओरखडा उठला होता, तांदळाएवढा. बेल्ट पाठीवर बसला की सदू श्वास ओढायचा आणि पुन्हा उभा राहायचा. चौथ्या फटक्याला सदरा फाटला, पाचव्याला रक्त आलं. शेठ मारताना बोलत नसे. हिशेबीपणे मारायचा, खिळा ठोकावा तसा.

"किती?" त्याने बेल्ट न टाकताच सम्यकला विचारलं.

"एकशे बारा."

"मी लोकांना एकशे चाळीस सांगितलंय."

"एकशे चाळीसला तो मरेल, शेठ. शंभरातून शंभर वेळा."

पहिली थप्पड सम्यकला दिसलीच नाही. दुसरी दिसली, पण तोवर तो टायरच्या चळतीवर पडला होता आणि तोंडात एक दात हलत होता. वडिलांनी त्याला कधी बोटही लावलं नव्हतं. त्याला राग आला नाही, आधी नुसतं आश्चर्य वाटलं. शेठने त्याची कॉलर धरून त्याला उठवला आणि पुन्हा विचारलं, किती.

"एकशे बारा," सम्यक म्हणाला. रक्तामुळे शब्द फुटत नव्हते.

तिसऱ्या थपडेच्या आत विनेश मध्ये आला. त्याने उजव्या हाताने चाकपाना उचलला आणि शेडच्या दारात उभ्या असलेल्या शेठच्या पांढऱ्या मोटारीची पुढची काच एका दणक्यात खाली आणली.

"याला परत हात लावलाव तर पुडचा फटका या लाल गाडीला. तो सांगंल तितक्यावरच मी चालवनार. नायतर तुमी बसा."

शेठ माणसांना मारायला कधी कचरला नव्हता. पण लाल गाडीच्या नाकासमोर पाना धरलेला पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने बेल्ट टाकला. बारा तर बारा, म्हणाला.

त्या रात्री सम्यक सुजलेल्या गालाला बर्फ लावून झोपला आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एका आकड्यासाठी मार खाल्ला होता, आणि आकडा बरोबर होता. त्याला स्वतःचा अभिमान वाटला. वाटायलाच हवा होता, आणि तेच पुढे त्याला आयुष्यभर सोसवलं नाही.

पाडव्याला साडेसहापासून बांधावर गर्दी. यार्डाच्या फाटकावर उंच गुढी, ढोल-ताशे, शेठ रेशमी सदऱ्यात. सम्यक कंटेनरच्या आत. गाडीत बसवलेल्या लॉगरवरून, म्हणजे नोंद ठेवणाऱ्या डबीवरून, वेग आणि चाकं घसरण्याचे कोन त्याच्या पडद्यावर येणार होते, आणि त्याची जागा पडद्यासमोर होती. रस्ता त्याने त्या सकाळी पाहिलाच नाही. वळणावर सदू वॉकीटॉकी घेऊन उभा होता.

"रस्ता चकाकतोय रे," सदूचा आवाज आला.

"लाइन बंद आहे ना?"

"बंद हाय. मी स्वता बघून आलो."

"मग ऊन असेल. तिरपं ऊन तसंच दिसतं."

सदूने वॉकीटॉकी कमरेला अडकवली. कम्प्युटरवाला म्हणतोय तर ऊनच असेल.

विनेशने आधी साठने एक फेरी मारली. गाडी नीट गेली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग ती परत सुरुवातीला उभी राहिली.

"एकशे बारा?" वॉकीटॉकीत विनेश.

"एकशे बारा. आणि अंगठा बाहेर."

"बाहेरच हाय, मास्तर."

इंजिन असं गरजलं की कंटेनरचा पत्रा थरथरला. पडद्यावर आकडे चढत गेले. नव्वद. एकशे चार. एकशे दहा, एकशे अकरा, आणि मग वळण. मागच्या चाकांचा कोन तीन अंश होता. पुढच्या क्षणी नऊ. त्याच्या पुढच्या क्षणी चाळीस. वेगाचा आकडा थेट शून्यावर आला आणि तिथेच थांबला. सम्यकचं बोट सवयीने बटणाकडे गेलं आणि त्याने ते दाबलंसुद्धा.

बाहेर ढोल अजून वाजत होते, मागच्यांना कळलं नव्हतं. सम्यक वळणाकडे धावला आणि वळणावर त्याचेच पाय सटकले. तो हातांवर आपटला, दोन्ही तळवे सोलले. रस्ता ओला होता. नुसता ओला नव्हे, बुळबुळीत. आणि सोललेल्या तळव्यांना ते पाणी असं झोंबलं की तो कळवळला. नळाचं पाणी झोंबत नाही. वर्षानुवर्षं ट्रकमधून सांडलेलं मीठ डांबरात मुरलेलं होतं, पहाटेच्या दमट हवेने त्याला पाणी सुटलं होतं, आणि ऊन तापेपर्यंत ते सुकणार नव्हतं. घरोघरी बरणीतल्या मिठाला सुटतं तेच पाणी. रस्त्यावर गुडघ्यांवर बसल्या बसल्या सम्यकला सगळं कळलं.

लाल गाडी बांध तोडून मिठाच्या वाफ्यात उलटी पडली होती. पेट्रोलचा वास होता आणि गरम इंजिन खारट पाण्यात चरचरत होतं. सदूने आणि त्याने ती खांदा लावून उचलली, आणखी चार जण आले. विनेशचं हेल्मेट फुटलं होतं. स्टिअरिंगचा दांडा छातीत शिरलेला. त्याचे डोळे उघडे होते, त्यात वाफ्यातलं पाणी गेलं होतं, आणि ते त्याला झोंबत नव्हतं. सम्यकने त्याला काखेत धरून ओढलं तेव्हा हातात मांस आल्यासारखं वाटलं, तरी त्याने सोडलं नाही. दोन्ही अंगठे चाकाच्या बाहेर होते. वाफ्यातलं पांढरं पाणी हळूहळू गुलाबी होत गेलं.

मोडकी लाल गाडी आणि विनेशचं फुटकं हेल्मेट शेडमध्ये आणून टाकलं होतं; दहाच्या सुमारास शेठने सम्यकला तिथे बोलावलं. शेठच्या हातात लॉगर होता, गाडीतून उपटून आणलेला. त्याने लॉगर सम्यकसमोर ठेवला.

"पोराने मस्ती केली. एकशे चाळीसवर नेली. तू हे लिहून दे. माझी सुटका आणि तुझीही."

खोटं कशाला सांगायचं, सम्यकला क्षणभर आशा वाटली. पडदा चुकला असेल, विनेशने खरंच जोर केला असेल, गर्दी पाहून त्याला चेव चढला असेल. त्याने लॉगर लॅपटॉपला जोडला. त्याला तो आकडा एकशे चाळीस असायला हवा होता, त्याने तशी मनातल्या मनात विनवणीही केली. वळणाच्या तोंडाशी वेग एकशे अकरा होता. सांगितल्यापेक्षा एक कमी.

"पुसून टाक," शेठ म्हणाला.

सम्यकने लॉगर खिशात घातला. शेठने त्याचा गळा धरला आणि त्याला लाल पत्र्यावर दाबला. श्वास बंद झाला, डोळ्यांपुढे काळोख यायला लागला. सम्यकचा हात चाचपडत फुटक्या हेल्मेटवर गेला आणि त्याने ते शेठच्या तोंडावर हाणलं. पुन्हा हाणलं. नाकाचं हाड मोडल्याचं हाताला कळलं आणि त्याला बरं वाटलं, इतकं बरं की तो तिसऱ्यांदाही मारायला निघाला. तेवढ्यात मागून सदूने शेठला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"जा तू," सदू म्हणाला. "मी धरलाय याला. जा."

ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात, पोस्टमॉर्टेमच्या खोलीबाहेर, जनी जमिनीवर बसली होती. भोवती मिठागरावरच्या बाया. शेठची माणसं येऊन बोलून गेली होती. हवालदार झाडाखाली कागद सरळ करत होता. जनी रडत नव्हती. सम्यकला पाहून तिने त्याच्या गळ्यावरचे वळ बघितले, हातांवरचं रक्त बघितलं.

"शेठचा मानूस बोलला, पोरानं मस्ती केली," ती म्हणाली. "माजा विनेश मस्तीखोर व्हताच. खरा सांग, किती जोरात व्हता?"

इथे गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. बाई मानायला तयार होती.

"एकशे अकरा, मावशी. मी एकशे बारा सांगितलं होतं."

"मंग?"

"रस्त्याला पाणी सुटलं होतं."

"तू बोललास बंद केला."

"मी नळाचं बंद केलं," सम्यक म्हणाला. "मला वाटलं तुम्ही नळाचं म्हणताय."

जनीला ते लगेच कळलं नाही. मग शेजारच्या बाईला म्हणाली, "नलाचा." पुन्हा म्हणाली, "नलाचा पानी. मना वाटला यांनी रस्ता धुतलान."

मग ती उठली आणि तिने त्याला मारलं. आधी हाताने, मग पायातली चप्पल काढून, मग चप्पल फेकून देऊन मुठींनी, तोंडावर, छातीवर, सुजलेल्या गालावर. चाळीस वर्षं मीठ ओढलेले हात होते ते. हलणारा दात पडला. ओठ फाटला. सम्यकने हात वर केला नाही. बाया तिला ओढायला लागल्या तर तो म्हणाला, राहू द्या. हवालदार चार पावलं आला आणि थांबला. ती दमेपर्यंत मारत राहिली आणि दमल्यावर त्याच्याच शर्टाला धरून खाली बसली, म्हणून त्यालाही बसावं लागलं.

"त्यानं विचारला नाय तुला? पान्याचा?"

"विचारलं. मी म्हटलं, धरलंय."

तिने शर्ट सोडला नाही.

"लिही," ती शेवटी म्हणाली. "पोलिसांना लिहून दे. माज्या पोरानं मस्ती नाय केली. हा आदी लिही. तुजा काय ते मागून लिही."

हवालदार म्हणाला, शेठ वेगळं सांगतायत, पुन्हा विचार कर, यात तूच अडकशील. सम्यकने कागद मागून घेतला. मांडीवर धरून लिहिताना त्याच्या तळव्याचं रक्त कडेला लागत होतं. पहिलं वाक्य विनेशचं लिहिलं, वेगासकट. मग स्वतःचं, नळासकट. लिहून झाल्यावर त्याने ते जनीला वाचून दाखवलं. तिने डोळे मिटून ऐकलं.

"पयला परत वाच," ती म्हणाली.

त्याने पहिलं वाक्य पुन्हा वाचलं.